केस गळले नाहीत म्हणून

किमो चालू आहे की नाही, हे लोक डोक्याकडे बघून ठरवतात. डोंबिवलीतल्या आमच्या डे-केअरमध्ये सकाळी खुर्च्या भरायला लागल्या की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. "तुमच्या सासूबाईंचे गेले का हो केस?" ज्यांचे गेलेले नसतात त्यांच्या घरचे जरा सैलावतात. औषध हलकं असणार, असं त्यांना वाटतं. मला या सैलावण्याचीच जास्त काळजी वाटते. ज्या औषधांबद्दल मी लिहिते आहे ती एकटी दिली तर केस सहसा जात नाहीत. ती रक्तवाहिन्यांवर काम करतात, आणि रक्तवाहिन्या अंगभर असतात.

मी कॅन्सर विभागात परिचारिका आहे. आधी ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला नोकरी केली, मग डोंबिवलीत आले. आमच्याकडे बदलापूर, टिटवाळा, शहापूर, मुरबाड अशा सगळीकडून पेशंट येतात. बऱ्याच जणांची मूळ फाइल परळच्या टाटा हॉस्पिटलची असते. उपचार तिथे ठरतात आणि सलाईन घराजवळ लावून घ्यायचं म्हणून ते आमच्याकडे येतात. सकाळच्या लोकलमध्ये आजारी माणसाला उभं राहायला जागा मिळत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, पण डब्याच्या दारापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न उरतोच. म्हणून उपनगरातली अशी छोटी केंद्रं वाढली, आणि ते चांगलंच झालं.

आमच्याकडे सर्वात जास्त वेळा हाताखालून जाणारं असं औषध म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. पेशंट त्याला 'बेवा' म्हणतात. ते काय करतं, हे मी घरच्यांना आमच्याच भागातल्या उदाहरणाने सांगते. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेने एमआयडीसीची मोठी जलवाहिनी जाते आणि तिला भोक पाडून चोरून जोडण्या घेतल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. गाठ तेच करते. एक-दोन मिलिमीटरपर्यंत तिचं आजूबाजूच्या ओलाव्यावर भागतं. पुढे वाढायचं तर रक्त हवं. मग ती एक रासायनिक निरोप सोडते, आणि शेजारच्या चांगल्या रक्तवाहिनीला तिच्या दिशेने फांद्या फुटायला लागतात. या जोडण्या चोरीच्या असतात तशाच ओबडधोबड असतात. वाकड्यातिकड्या, कुठे फुगलेल्या, जागोजाग गळणाऱ्या. त्यामुळे गाठीत दाब वाढतो आणि आपण दिलेली किमोसुद्धा आतपर्यंत नीट पोचत नाही.

हे सगळ्यात आधी ठामपणे मांडलं जुडा फोकमन या अमेरिकन सर्जनने. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी पाहिलं, की शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या ग्रंथीत सोडलेल्या कॅन्सरच्या पेशी छोट्या ठिपक्याएवढ्या होतात आणि तिथेच थांबतात. त्याच गाठी जिवंत उंदरात मात्र भराभर वाढत. फरक होता तो रक्तवाहिन्या फुटण्याचा. १९७१ साली त्यांनी लिहिलं, की हे फुटणं अडवलं तर गाठ अडेल. कित्येक वर्षं त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. गाठीचा तो निरोप, म्हणजे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन, नेपोलिओन फेरारा यांच्या गटाने १९८९ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि त्याला वाटेतच पकडणारं बेव्हॅसिझुमॅब फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. ज्या चाचणीवर ही मंजुरी मिळाली, तिच्यात नुसत्या किमोवर मध्यक आयुष्य १५.६ महिने होतं, हे औषध जोडल्यावर २०.३ महिने झालं. हे दोन आकडे मी पाठ करून ठेवले आहेत. औषधाची थोरवी आणि मर्यादा दोन्ही त्यांत आहे.

या औषधाची व्हायल दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. पेशंट बाहेरून घेऊन आले की मी आधी बर्फाच्या पिशव्या अजून गार आहेत का ते हात लावून बघते, मग तारीख, मग बॅच नंबर. औषध पारदर्शक, क्वचित फिकट तपकिरी झाक असलेलं. ते हलवायचं नाही. प्रथिन आहे, फेस आला की बिघडतं. साध्या नॉर्मल सलाईनमध्येच मिसळायचं, ग्लुकोजमध्ये अजिबात नाही. पहिला डोस दीड तास चालतो. त्रास झाला नाही तर दुसरा तासाभरात आणि पुढचे अर्ध्या तासात. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा बाटलीसाठी एवढे पैसे? आणि खरं काम तर सुई टोचायच्या आधीच होऊन गेलेलं असतं.

ते काम म्हणजे दंडाला पट्टा बांधणं. व्हीईजीएफ फक्त गाठच वापरते असं नाही. आपल्या निरोगी रक्तवाहिन्या सैल राहाव्यात म्हणून शरीरालाही ते लागतं. त्याला अडवलं की वाहिन्या आखडतात आणि रक्तदाब चढतो. पेशंटला मात्र काही कळत नाही. भोपरच्या एक मावशी होत्या, आतड्याच्या कॅन्सरच्या. शेतात आयुष्य गेलेलं, काटक बाई. चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांचं बीपी १७०च्या वर लागलं. आमच्याकडचा नियम असा, की आल्या आल्या मोजायचंच नाही. जिना चढून, रिक्षाच्या रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला पंधरा मिनिटं पाठ टेकवून बसू द्यायचं, पाय जमिनीला टेकलेले, बोलणं बंद, मग मोजायचं. तसं मोजलं. दुसऱ्या हाताला मोजलं. आकडा उतरेना. डॉक्टरांनी औषध त्या दिवशी थांबवलं आणि रक्तदाबाची गोळी सुरू केली.

मावशी रागावल्या. "मना ना चक्कर, ना डोकं दुखत, मंग कशाला थांबवलंव?" मुलाने त्या दिवशीचा खाडा केला होता, व्हायल विकत घेतलेली होती. त्यांचा राग मला समजत होता. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, की या आकड्यावर औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. व्हायल आपल्या फ्रिजमध्ये राहील, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. पुढच्या आठवड्यात त्यांचं बीपी १३४ होतं. मुलाने दंडाला बांधायचं मशीन विकत घेतलं होतं आणि शाळेच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून आणले होते. ती वही डॉक्टरांनी फाइलमधल्या कुठल्याही रिपोर्टइतकी लक्ष देऊन वाचली.

दुसरं काम लघवीची पट्टी. मूत्रपिंडातल्या गाळणीलाही हेच प्रथिन धरून ठेवतं. ते अडलं की गाळणी सैल पडते आणि अंगातलं प्रथिन लघवीतून जायला लागतं. पट्टी बुडवली की पिवळा चौकोन हिरवट होतो. जितका गडद, तितकं जास्त. दोन प्लस किंवा त्याच्या पुढे गेलं की चोवीस तासांची लघवी साठवून तपासायला लागते. कागदावर हे एका ओळीत लिहिता येतं. पण आंबिवलीच्या चाळीत, सामाईक संडास असलेल्या घरात, सुनांसमोर एका साठीच्या बाईला पाच लिटरचा कॅन घेऊन जायला सांगायचं म्हणजे काय, हे लिहून देणाऱ्याला कळतंच असं नाही. आमच्याकडच्या एक काकू दोनदा "विसरले" म्हणून कॅन रिकामाच घेऊन आल्या. मी त्यांना आत नेऊन विचारलं तेव्हा त्या रडल्या. मग आम्ही त्यांच्या धाकट्या लेकीला बोलावलं, कॅनला काळी पिशवी शिवून दिली, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरायची, हे वेळ घालून कागदावर लिहून दिलं. रविवारी लेक माहेरी येऊन राहिली. सोमवारी कॅन भरून आला. दिवसाला दोन ग्रॅमच्या वर प्रथिन गेलं तर औषध थांबवतात. काकूंचं त्याच्या आत निघालं आणि उपचार पुढे चालू राहिले. नर्सिंगच्या पुस्तकात हा कॅन अर्ध्या पानाचा विषय आहे. माझ्या मते त्याला एक अख्खा धडा हवा.

जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या आधी निदान २८ दिवस हे औषध बंद हवं, आणि नंतरही तेवढे दिवस जाऊन जखम पूर्ण भरल्याशिवाय सुरू करायचं नाही. ते अंगातून हळूहळू उतरतं, निम्मं व्हायलाच सुमारे वीस दिवस लागतात. पेशंट सर्जनला सांगतात, दंतवैद्याला सांगत नाहीत. दाढ दुखली, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले, काढून आले. मग ती जागा भरता भरत नाही. म्हणून मी प्रत्येक खेपेला बीपीनंतर दुसरा प्रश्न दातांचाच विचारते.

आता ज्याबद्दल मला सर्वात जास्त बोलायचं आहे तिकडे येते. हे औषध दिसायला जेवढं करतं आणि खरोखर जेवढं करतं, त्यांत अंतर असतं. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीत मी ते फार जवळून पाहिलं आहे. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत राहणारे एक काका होते. त्यांना शब्द सापडत नव्हते. पाणी हवं असलं की भिंतीकडे बोट दाखवायचे. गळक्या वाहिन्यांमुळे गाठीभोवती सूज आलेली, आणि स्टेरॉइडने चेहरा गोल झालेला. दुसऱ्या डोसनंतर ते खुर्चीत बसून बायकोला स्पष्ट म्हणाले, "डब्यात भाजी कुठली आणलीस?" काकूंनी डबा तसाच हातात धरला, त्यांना उत्तर देता येईना. एमआरआयसुद्धा बराच सुधारलेला आला.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात काकूंना बसवून सांगितलं, की हे सूज उतरल्यामुळे आहे. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले होते. नव्याने निदान झालेल्या या गाठीत बेव्हॅसिझुमॅबने वाढ काही काळ लांबली, एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही. काका पुढे काही महिने राहिले. त्यातला बराच काळ ते बोलत होते. बँकेची कागदपत्रं झाली, मुलीशी रोज फोनवर बोलणं झालं. त्या महिन्यांचं मोल मी कमी मानत नाही. पण आयुष्य वाढेल असं सांगून ते विकलं असतं तर ती फसवणूक झाली असती. स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेने याच औषधाला २००८ मध्ये दिलेली मंजुरी नोव्हेंबर २०११ मध्ये काढून घेतली, तीही याच कारणाने. स्कॅनवर गाठ आकसत होती, बायका जास्त जगत नव्हत्या. याउलट गर्भाशयमुखाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये २०१४ मध्ये छापून आलेल्या चाचणीत आयुष्य १३.३ महिन्यांवरून १७ वर गेलं. एकच औषध, अवयव बदलला की हिशेब बदलतो. म्हणून शेजाऱ्याच्या मामांना लागू पडलं म्हणून आम्हालाही द्या, असं कुणी म्हटलं की मी त्यांना शांतपणे परत डॉक्टरांकडे पाठवते.

पैशाचं बोलायलाच हवं. रक्तवाहिन्यांवरच काम करणारी सोराफेनिब नावाची गोळी यकृताच्या कॅन्सरवर देतात. दिवसाला चार गोळ्या, महिन्याला १२० गोळ्यांची बाटली. मूळ बायर कंपनीच्या बाटलीची किंमत २०१२च्या सुमारास महिन्याला २ लाख ८० हजार ४२८ रुपये होती. ज्या चाचणीवर ती यकृतासाठी मंजूर झाली, तिच्यात मध्यक आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ झालं होतं. बायरचं भारतातलं कार्यालय आमच्या ठाण्यातच, हिरानंदानी इस्टेटमध्ये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला, आणि ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवायची मुभा. अट अशी, की नॅटकोने हीच गोळी महिन्याला ८,८८० रुपयांच्या वर विकायची नाही आणि बायरला सहा टक्के स्वामित्वशुल्क द्यायचं. अपिलात ते सात टक्के झालं, परवाना टिकला. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. सिप्ला कंपनीनेही याच गोळीचे आपले भाव उतरवले.

त्याआधी यकृताच्या पेशंटला चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून दिलं की घरचे ती घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा दिसत नसत. त्या निकालानंतर ते दिसायला लागले, आणि मग आम्हाला गोळीचा खरा त्रासही दिसला. तळपाय लाल होऊन सोलतात. भाजी मार्केटमध्ये उभं राहून धंदा करणाऱ्याला किंवा कल्याण स्टेशनचा पूल रोज चढणाऱ्याला हा त्रास छोटा नाही. युरियाचं मलम पहिल्याच दिवसापासून लावायचं, सुती मोजे, मऊ चप्पल, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. एवढं वेळेवर सांगितलं तर गोळी बंद पडत नाही. २०१६ पासून बेव्हॅसिझुमॅबचीही भारतीय जैवसदृश औषधं आली. त्यांतलं एक रिलायन्स लाइफ सायन्सेसचं, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळ्याला प्रयोगशाळा असलेल्या कंपनीचं. किंमत उतरली तरी गरिबाला ती अजून जडच जाते.

म्हणूनच टाटाच्या डॉक्टरांनी केलेल्या एका कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे तंबाखू-गुटख्याने घराघरात शिरला आहे. आजार परत आलेल्या, बरं होण्याच्या पलीकडे गेलेल्या पेशंटना त्यांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोन वेळा सेलेकॉक्सिब अशा साध्या, स्वस्त, जुन्या गोळ्या दिल्या. थोड्या मात्रेत, खंड न पाडता. या पद्धतीला मेट्रोनॉमिक म्हणतात, आणि ती काही अंशी गाठीच्या नव्या वाहिन्यांवरच मारा करते असं मानलं जातं. ४२२ जणांच्या चाचणीत सलाईनमधून दिलेल्या सिस्प्लॅटिनवर ६.१ महिने आणि या गोळ्यांवर ७.५ महिने असा आयुष्याचा फरक निघाला. २०२० मध्ये हे लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आलं. शिवाय खाट नको, सुई नको, दर खेपेला परळची फेरी नको. पुढे त्याच गटाने या गोळ्यांना तिसरी जोडली आणि त्यावर अगदी कमी मात्रेत इम्युनोथेरपी दिली, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. मोठ्या डोसच्या महागड्या इंजेक्शनचा विचारही करू न शकणाऱ्यांसाठी शोधलेली ही वाट आहे, आणि ती आपल्याकडे, परळला सापडली.

यात एक धोका मात्र भयंकर आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं गेलं तर तोंड सोलतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. आमच्याकडे रिक्षा चालवणारे एक दादा आहेत. त्यांच्या पाकिटावर मी जाड मार्करने 'फक्त गुरुवार' लिहिते आणि पाकीट त्यांच्या बायकोच्या हातात देते. बुधवारी रात्री त्यांची मुलगी मोजून गोळ्या वाटीत काढून ठेवते. शेजारच्या मेडिकलवाल्यालाही मी फोन करून सांगितलं आहे, की वेळापत्रक विचारल्याशिवाय ही गोळी देऊ नकोस.

वाचणाऱ्यांच्या घरात कुणाला ही औषधं चालू असतील, तर माझी हात जोडून विनंती आहे. केसांवरून औषधाची ताकद ठरवू नका. दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घ्या, रोज एकाच वेळी बसवून मोजा, आकडे वहीत लिहा आणि ती वही प्रत्येक खेपेला घेऊन या. दाढ काढायची असेल, हर्निया असेल, मोतीबिंदू असेल, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. या औषधाने महिने किती वाढतील आणि खर्च किती येईल, हे दोन्ही प्रश्न डॉक्टरांना एकाच वेळी विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही. आणि पोटात अचानक जोराचं दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं, एक पाय सुजला किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच रात्री इमर्जन्सीत जा आणि तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगा.